दहा हजार लिरांची गोष्ट



आज मी आपल्याला एका बारची गोष्ट सांगणार आहे. बार म्हणजे वकिलांचा नव्हे, मद्य मिळते तो. हे ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. प्राध्यापक माणसाने, शिक्षक मंडळी आणि गावकरी ऐकत असताना, दारूच्या ठिकाणाचे वर्णन करावे हे बरे का, असेही कोणी म्हणेल. ही शंका रास्त आहे. दारूने घराचे काय होते हे मी रेडिओवरून सांगायला नको, ते आपण आपल्याच आळीत पाहता. आपल्याकडे १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. पुढे बंदी सैल झाली, पण पिणाऱ्याला परवाना हवा ही अट अजून कायद्यात आहे. म्हणून तर तालुक्याच्या रस्त्यावर हॉटेलाच्या पाटीवर ‘परमिट रूम’ असे लिहिलेले दिसते. मी स्वतः मद्य घेत नाही. तरीही मी हा विषय निवडला, कारण ही गोष्ट दिसायला मद्याची असली तरी आतून ती उधारीची आहे. आणि उधारी हा विषय आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे, नाही का?

गोष्ट इटलीतल्या व्हेनिस शहरातली आहे. एका परिसंवादाच्या निमित्ताने मी जून महिन्यात पादुआ या गावी गेलो होतो. तिथून व्हेनिस आगगाडीने अर्ध्या तासावर. एक दिवस मोकळा मिळाला, तेव्हा सकाळीच निघालो. व्हेनिस शहर खाडीतल्या शंभराहून अधिक लहान लहान बेटांवर वसले आहे. मोटार नाही, बैलगाडी नाही, सायकलसुद्धा नाही. रस्त्याऐवजी कालवे, आणि बसऐवजी बोटी. आपल्याकडे एस. टी. जशी थांबे घेत जाते, तशी तिथली बोट या काठाचा थांबा घेते, मग त्या काठाचा घेते. भाजीपाला बोटीतून येतो आणि कचराही बोटीतूनच जातो. माणूस चालतो तो पुलांवरून आणि बोळांतून. बोळ तरी किती अरुंद! काही ठिकाणी समोरून छत्री घेतलेला माणूस आला, तर दोघांपैकी एकाला छत्री मिटावी लागते.

सॅन मार्को नावाच्या मोठ्या चौकाजवळ वाल्लारेस्सो नावाची एक गल्ली आहे. ती थेट पाण्यापाशी येऊन संपते आणि तिथेच बोटीचा थांबा आहे. गल्लीच्या टोकाशी, कोपऱ्यावर, एक साधे दार दिसते. झगमगणारे दिवे नाहीत, मोठी पाटी नाही. खिडक्यांना दुधी काच आहे आणि त्या काचेवर दोन शब्द : हॅरीज बार. आत कोण बसले आहे ते बाहेरून दिसत नाही आणि आत बसलेल्याला बाहेरचा सुंदर कालवाही दिसत नाही. मी दोनदा त्या दारावरून पुढे गेलो, तेव्हा तिसऱ्यांदा ते सापडले.

एवढ्याशा दाराला १९३१ पासून जगातल्या नामवंतांनी हात लावला आहे. चार्ली चॅप्लिन इथे येऊन गेला. संगीतकार तोस्कानिनी आला. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे तर १९४९-५० च्या हिवाळ्यात इथला रोजचा गिऱ्हाईक होता. त्याचे स्वतःचे ठरलेले टेबल होते. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कादंबरीत हा बार आला आणि मग ज्यांनी व्हेनिस पाहिले नव्हते त्यांनाही तो ठाऊक झाला. राजेरजवाडे आले, जहाजांचे मालक आले, नटनट्या आल्या. तेव्हा आत शिरताना माझी अशी कल्पना होती की, आत संगमरवर असेल, झुंबरे असतील, गालिचे असतील.

आत गेलो आणि पाहतो तो काय, आपल्या प्राथमिक शाळेचा एक वर्ग असतो ना, तेवढीच खोली! ही अतिशयोक्ती नाही. मूळची खोली साधारण ४५ चौरस मीटरची, म्हणजे पावणेपाचशे-पाचशे चौरस फुटांची. पूर्वी ती दोरखंडांची वखार होती. लाकडी कठडा, त्याच्यामागे बाटल्यांची रांग. ठेंगणी गोल टेबले आणि त्यांच्याच मापाच्या ठेंगण्या खुर्च्या. पांढरे कोट घातलेले वाढपी. संगीत नाही. माणसांच्या बोलण्याचा आणि काचेच्या पेल्यांचा तेवढा आवाज. सगळे जुने आणि सगळे स्वच्छ. लाकडाला पुष्कळ वर्षांच्या हातांनी जी चकाकी येते, ती आपल्याकडे जुन्या वाड्याच्या उंबऱ्याला असते. ती तिथे होती.

मी एका कोपऱ्यात बसलो. वाढपी आला. मी जरा संकोचानेच म्हणालो की, मी मद्य घेत नाही, दुसरे काही मिळेल का? मनात म्हटले, आता हा माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहणार. मोठ्या ठिकाणी ती नजर आपल्याला भेटते, आपणही ती पाहिली असेल. पण तो नुसता ‘होय’ म्हणाला आणि थोड्या वेळाने गुलाबी झाक असलेल्या पांढऱ्या पीचचा ताजा रस घेऊन आला. शेजारच्या टेबलावर एक श्रीमंत कुटुंब बसले होते. त्यांना जसा पेला, जसा रुमाल, जसे वाकून ठेवणे, तसेच मला. त्यात तसूभर फरक नव्हता. बिल मात्र असे आले की, तेवढ्या पैशांत आपल्या आठवडी बाजारातून दोन पिशव्या भरून आल्या असत्या. तेही आपल्यापासून लपवत नाही.

आता मूळ गोष्टीकडे वळतो. हा बार काढणाऱ्याचे नाव जुझेप्पे चिप्रियानी. वेरोना या गावी १९०० साली त्याचा जन्म झाला. बड्या घराण्यातला नव्हे. हॉटेलांतून वाढप्याचे काम करीत करीत तो व्हेनिसच्या ‘यूरोपा’ नावाच्या हॉटेलात बारमन झाला. बारमन म्हणजे कठड्यामागे उभा राहून पेये तयार करून देणारा. निरनिराळी मद्ये, फळांचे रस, बर्फ यांचे जे मिश्रण तो करतो, त्याला कॉकटेल म्हणतात. ते काम हाताचे आहेच, पण त्याहून अधिक डोळ्यांचे आहे. समोरचा माणूस आज खुशीत आहे की खचला आहे, त्याला बोलायचे आहे की गप्प बसायचे आहे, हे त्याला ओळखावे लागते.

त्या हॉटेलात हॅरी पिकरिंग नावाचा एक अमेरिकन तरुण येत असे. बोस्टन शहरातला, पैसेवाल्या घरचा. रोज यायचा, बसायचा, प्यायचा. अमेरिकेत त्या वेळी दारूबंदी होती, १९२० ते १९३३ पर्यंत ती चालली. त्यामुळे तिकडचे हौशी लोक युरोपात येऊन कसर भरून काढीत. एके दिवशी हा हॅरी दिसेनासा झाला. पुढे चिप्रियानीला तो पुन्हा भेटला, तेव्हा त्याने सहज विचारले, हल्ली आपले येणे का नाही? तेव्हा पोराने खरे काय ते सांगितले. त्याच्या पिण्याची बातमी घरी पोचली होती आणि घरच्यांनी पैसे बंद केले होते. परमुलुख, खिशात दमडी नाही, ओळखीचे म्हणावे असे कोणी नाही.

श्रोतेहो, इथे क्षणभर थांबा आणि विचार करा. आपण त्या बारमनच्या जागी असतो तर काय केले असते? दारुड्या पोरगा, परदेशी, उद्या बोटीत बसून निघून गेला तर कुठे शोधणार? आपल्याकडे म्हणच आहे, उधारीचे पोते सव्वा हात रिते. शहाण्या माणसाने चार उपदेशाचे शब्द सांगितले असते आणि तो आपल्या कामाला लागला असता.

चिप्रियानीने त्याला दहा हजार लिरा दिल्या.

दहा हजार लिरा म्हणजे किती? शिक्षक मंडळींनी वर्गात हे गणित जरूर घालावे. त्या काळी एका डॉलरला सुमारे १९ लिरा पडत, म्हणजे पाचशेहून थोडे अधिक डॉलर झाले. आपल्या रुपयात मोडले तर त्या वेळचे चौदाशेच्या आसपास रुपये. पण नुसत्या आकड्याने अंदाज येत नाही. पुढे १९३९ साली इटलीत एक गाणे फार गाजले. त्याच्या नावाचा अर्थ ‘महिन्याला हजार लिरा’ असा होता. महिना हजार मिळाले की सुखाचा संसार झाला, असे मध्यमवर्गाचे स्वप्न त्यात होते. तेव्हा दहा हजार म्हणजे दहा महिन्यांचे स्वप्न! आणि ते देणारा कोणी सावकार नव्हता, नोकरीत असलेला एक बारमन होता. स्टँपाचा कागद केल्याचे किंवा तारण घेतल्याचे या गोष्टीत कुठे येत नाही. १८७५ साली आपल्याच पुणे जिल्ह्यात, सुप्याच्या बाजारात, शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. कागदाचा जाच काय असतो ते त्यांना माहीत होते. इथे जाळायला कागदच नव्हता.

हॅरी पैसे घेऊन गेला. एक वर्ष गेले. दुसरेही जाऊ लागले. त्या काळात चिप्रियानीला रात्री झोप कशी लागली असेल, याची कल्पना ज्यांनी कोणाला पैसे उसने दिले आहेत त्यांनी करावी.

दोन वर्षांनी हॅरी परत आला. त्याच हॉटेलात, त्याच कठड्याशी उभा राहिला आणि त्याने दहा हजार लिरा मोजून दिल्या. शिवाय वर चाळीस हजार ठेवले. या पैशांतून तू स्वतःचा बार काढ आणि त्याला माझे नाव दे, असे त्याचे म्हणणे होते. चिप्रियानीच्या बायकोने ती दोरखंडांची वखार हेरली, आणि १३ मे १९३१ रोजी हॅरीज बार उघडला. पुढच्याच वर्षी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले अर्रिगो, म्हणजे हॅरीचेच इटालियन रूप. माणसाचे नाव दुकानाला देतात हे आपण पाहतो, इथे दुकानाचे नाव माणसाला मिळाले. याच अर्रिगोने पुढे बार चालवला आणि आपल्या पुस्तकात बापाची ही हकीकत लिहून ठेवली.

चिप्रियानीने जागा अशी का निवडली, तेही ऐकण्यासारखे आहे. त्या वेळी ती गल्ली पुढे बंद होती. येणारा-जाणारा सहज डोकावेल अशी ती जागाच नव्हती. व्यापाराचा नियम असा की, दुकान चव्हाट्यावर हवे. याने उलट केले. आपल्याकडे जो येईल तो मुद्दाम वाट काढून येईल, आणि मुद्दाम आलेल्या माणसाला पाहुण्यासारखे वागवता येते, हा त्याचा हिशेब. पाहुण्याला दिपवायचे नाही, त्याला बरे वाटले पाहिजे. टेबल ठेंगणे, पेला लहान, खोली लहान. थाट असा काही नाही. तरी लोक त्यालाच थाट म्हणू लागले.

तिथे जन्मलेल्या दोन पदार्थांची नावे आता जगभर झाली आहेत. मी प्यालो तो पांढऱ्या पीचचा रस. त्यात दुप्पट-तिप्पट फसफसणारी प्रोसेक्को नावाची वाइन घातली की त्याला ‘बेल्लिनी’ म्हणतात. चिप्रियानीने ते पेय १९४८ च्या सुमारास केले. पांढरे पीच येतात फक्त उन्हाळ्यात. तेव्हा सुरुवातीला हे पेयही, आपल्या आमरसासारखे, हंगामापुरतेच मिळे. त्याचा गुलाबी रंग पाहून चिप्रियानीला व्हेनिसचा जुना चित्रकार जोव्हान्नी बेल्लिनी याच्या चित्रातला रंग आठवला, म्हणून हे नाव. त्या बारपासून थोडे चालत गेले की सॅन झकारियाचे देऊळ लागते. तिथे बेल्लिनीने १५०५ साली काढलेले मोठे चित्र अजून आहे. मी सकाळी ते पाहिले होते. मेरी माता उंच आसनावर बसली आहे, आजूबाजूला संत उभे आहेत, आणि कोणीच काही बोलत नाही. दुपारी त्या पेल्याकडे पाहताना माझ्या मनात आले की, वाढप्याचे काम करून वर आलेल्या माणसाला आपल्या गावच्या चारशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराचा रंग आठवतो, हे केवढे शिक्षण! शिक्षकहो, आपण मुलांना गावच्या देवळातले कोरीव काम कधी उभे राहून दाखवतो का?

दुसरा पदार्थ ‘कार्पाच्चो’, तोही कार्पाच्चो नावाच्या चित्रकाराच्या लाल-पांढऱ्या रंगांवरून नाव पडलेला. कच्च्या गोमांसाचे कागदासारखे पातळ काप आणि वर पांढऱ्या चटणीच्या रेघा. आपल्यापैकी पुष्कळांना तो रुचणार नाही, मलाही रुचणारा नव्हता. पण तो निघाला कसा? अमालिया नानी मोचेनिगो नावाच्या एका सरदार घराण्यातल्या बाईंना डॉक्टरांनी शिजवलेले मांस वर्ज्य सांगितले होते. चिप्रियानीने, १९५० च्या सुमारास, त्यांच्यासाठी म्हणून तो केला. म्हणजे मूळ तेच. समोरच्या माणसाची अडचण काय आहे ते पाहायचे आणि आपल्या हातात काय आहे ते पाहायचे.

जुझेप्पे चिप्रियानी १९८० साली वारला. २००१ साली इटलीच्या सांस्कृतिक खात्याने त्या बारला राष्ट्रीय वारशाचे स्थान म्हणून जाहीर केले. आपल्याकडे किल्ल्याला आणि लेण्याला जो मान मिळतो, त्या जातीचा मान एका वर्गाएवढ्या खोलीला मिळाला. आणि आणखी एक गंमत. २००८ साली अमेरिकेत घरकर्जांचा मोठा घोटाळा झाला. लोकांची घरे गेली, बँका बुडाल्या. तेव्हा हॅरीज बारने दाराशी सूचना लावली की, या कर्जसंकटात सापडलेल्या अमेरिकन गिऱ्हाइकांना बिलात वीस टक्के सूट मिळेल. त्यात थट्टाही होती आणि जाहिरातही होती, मी नाही म्हणत नाही. पण अडचणीतल्या एका अमेरिकनामुळे जे दुकान उभे राहिले, त्याला सत्त्याहत्तर वर्षांनी हे सुचावे, यात काही संगती आहे खरी.

इथवर गोष्ट गोड आहे. पण ती इथेच सोडणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. त्या पोराला पैसे दिले चिप्रियानीने, पण त्याला रोज पेला भरून देणाराही तोच होता, हे विसरून कसे चालेल? हॅरी सावरला म्हणून गोष्ट झाली. जे सावरले नाहीत त्यांच्या नावाचा बार कोणी काढत नाही. मला वाटते, चिप्रियानीलाही हे कुठेतरी कळत असावे. ज्याच्या पैशावर आपला गल्ला भरला, तो पडला तर त्याला उचलण्यात आपलाही काही वाटा आहे, असे त्याला वाटले असेल का? हा माझा तर्क आहे, त्याचे म्हणणे नव्हे.

हा तर्क मला का सुचला, ते सांगतो आणि संपवतो. काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. वर्गात हुशार होता, अक्षर सुंदर. पुढे पिण्याच्या पायी त्याची नोकरी गेली होती, हे माझ्या कानावर आले होते. म्हणाला, सर, गावी जायचे आहे, थोडे पैसे हवेत, पिकावर फेडीन. मी त्याला चहा दिला. आणि उपदेश केला. चांगला अर्धा तास केला. पैसे दिले नाहीत. मनात म्हटले, दिले तर हा कुठे जाणार हे ठाऊक आहे. त्याने कप खाली ठेवला, वाकून नमस्कार केला आणि गेला. पुन्हा आला नाही. रक्कम किती होती ते सांगत नाही, ती लहान होती.

तो ते पैसे प्यालाही असता. बहुधा प्यालाच असता. माझा निर्णय चूक होता असे मी आजही छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. पण व्हेनिसच्या त्या कोपऱ्यात रसाचा पेला समोर ठेवून बसलो असताना माझ्या ध्यानात आले की, चिप्रियानीने हॅरीला विचारले होते, आपले येणे का नाही? पैशांआधी त्याने हे विचारले होते. मी माझ्या विद्यार्थ्याला काहीच विचारले नाही. गावी कोण आजारी आहे का, काय झाले, कसे झाले, काही नाही. मी बोलत राहिलो आणि तो ऐकत राहिला.

उसने पैसे कोणाला द्यावेत आणि कोणाला देऊ नयेत, हे ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावे. दिलेले परत येतातच असे नाही, पुष्कळदा येत नाहीत. पण विचारायला पैसे लागत नाहीत. एखादा मुलगा शाळेत येईनासा झाला, एखादा शेजारी पारावर दिसेनासा झाला, तर उद्या सकाळी त्याच्या दारावरून जाताना एवढे विचारा, बाबा रे, हल्ली येणे का नाही?